चंपतरावांचे उघडे कान

चंपतराव घाटोळे कधी हळू बोलले, तर नागपूरच्या लकडगंजातले लोक त्यांना ताप आलाय का म्हणून विचारायचे. सव्वीस वर्षं आरामशीनवर सागवानाचे ओंडके चिरणाऱ्या माणसाचा आवाज कुजबुजीसाठी घडलेलाच नसतो. घरात त्यांनी मीठ मागितलं, तर शेजारच्या उत्तराबाई मिठाचा डबा घेऊन दारात हजर व्हायच्या. लोक हसायचे आणि चंपतरावही हसायचे, कारण लोक कशाला हसताहेत ते त्यांना निम्मंच ऐकू आलेलं असायचं.

पण त्र्याहत्तर सालच्या पोळ्याआधीचे आठ दिवस त्यांना हसू आलं नाही. त्या आठ दिवसांत ते एका जागी धड बसलेही नाहीत. जेवताना उठायचे, दारात जायचे, परत यायचे, ताटातली भाकर अर्धी तशीच. चपला घालायचे, काढायचे. बिडी पेटवायचे, कुठे ठेवली ते विसरायचे आणि दुसरी पेटवायचे. घरात एक गोष्ट ठरली होती आणि ती ठरताना त्यांनी मान डोलावली होती.

ठरलं होतं ते त्यांच्या लेकीबद्दल. गोपिका एकोणीस वर्षांची, कामाला चोख. पायलीभर डाळ पुढे टाकली तर तीत एक खडा राहायचा नाही. पण रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला, की ती दोन्ही कानांवर हात दाबून खाली बसायची. घरात दोघं एकदम बोलायला लागले, त्यात स्टो फरफरत असला आणि त्यात कुणी पत्र्यावर काही आपटलं, की तिच्या हातून सगळंच सुटायचं. मग ती किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची, जवळ येईल त्याला ढकलून द्यायची. पोलकं ती उलटं घालायची, शिवण बाहेर. बघणारे म्हणायचे, एवढी घोडी झाली तरी कपडे घालायची अक्कल नाही. शिवण टोचते का, हे काही कुणी विचारलं नाही. हल्ली शहाणी माणसं याला स्वमग्नता म्हणतात. तेव्हा लकडगंजात याला दोनच नावं होती, एक 'बाहेरचं' आणि दुसरं 'डोक्याचं', आणि दोन्हींवर इलाज एकच, चार लोकांत आणू नका.

गोपिका चार वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून चंपतरावांची थोरली बहीण जिजाबाई घर सांभाळत होती. तिचा नवरा कामाला म्हणून रायपूरकडे गेला तो परत आला नाही. ही भावाकडे आली आणि भाचीला तिनं पोटच्या पोरीसारखं वाढवलं. तोंडानं तिखट, पण हात राबता. आणि याच जिजाबाईच्या मनगटाला आषाढात वेणी घालताना गोपिका कडकडून चावली. रक्त आलं. तेव्हापासून जिजाबाई तिच्या केसांना हात लावत नव्हती.

"चंपत, माह्यानं आता नाही होत गा," एका दुपारी तिनं सांगून टाकलं. "मी मेल्यावर कोण पाहीन हिले? वाडी नाक्याच्या रुपराव डायव्हरचा ट्रक मारबतीच्या दुसऱ्या दिवशी निघून राहिला. त्याच्या रस्त्यातच मठ आहे. अशा पोरींले ठेवून घेते तिथं."

"बांधून ठेवते म्हणे."

"बरं होईपर्यंतच. अन् मले का हौस आहे? तू तिले यंदा मारबतीसमोर उभी कर. एकडाव पीडा गेली, तं कायले धाडू मी?"

मारबत नागपूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बांबू-कागदाच्या दोन अवाढव्य बाया निघतात, एक काळी, एक पिवळी. ढोल-ताशे, पिपाण्या, तोबा गर्दी. लोक घसा फोडून ओरडतात, ईडा-पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! मिरवणूक संपली की बायांना जाळतात आणि त्यांच्याबरोबर शहराचं वर्षभराचं दुखणं जळतं. जिजाबाईचा त्यावर पक्का विश्वास होता. चंपतरावांचाही नव्हता असं नाही. अडचण एवढीच, की ती मिरवणूक त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून जायची आणि दरवर्षी ती गेली की गोपिका कपाळ फुटेस्तोवर डोकं आपटायची. समोर उभी राहील तर पीडा जाईल, आणि पीडा जाईल तर समोर उभी राहील. हे कोडं सोडवायची जबाबदारी चंपतरावांनी मान डोलावून स्वतःवर घेतली.

माणूस आपल्याला येतं तेच औषध दुसऱ्याला पाजतो. आरामशीनवर नवा गडी आला, की पहिले काही दिवस त्याला आऱ्याच्या फिरत्या पट्ट्याजवळ नुसतं उभं करायचे. पहिले दोन दिवस त्याचं डोकं फुटायला यायचं, तिसऱ्या दिवशी ओकायचा, आठव्या दिवशी पट्ट्याशेजारी बसून भाकर खायचा. याला ते कान मुरणं म्हणायचे, लोणचं मुरतं तसं. चंपतरावांचे कान असेच मुरले होते. लेकीचे का मुरणार नाहीत?

दुसऱ्याच दिवशी ते तिला घेऊन गेले. मालक ताराचंदशेठनं भुवया वर केल्या, पण जुना माणूस म्हणून येऊ दिलं. गोपिका आनंदानं आली होती, हे सांगायलाच हवं. मशीन बंद होती तोवर तिनं भुशाच्या पोत्यात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग चंपतरावांनी मशीन सुरू करायला सांगितली.

पहिल्या ओंडक्याला ती किंचाळली. चंपतरावांनी तिचे खांदे धरून ठेवले. "थोडं थांब, आता मुरन," ते तिच्या कानात ओरडले, म्हणजे आऱ्यावर आणखी एक आरा. दुसऱ्या ओंडक्याला तिनं सुटायला धडपड केली, पण त्या हातांतून सागवान सुटत नसे, ती कुठली सुटणार. तिसऱ्या ओंडक्याला ती गप्प झाली. हात खाली सोडले, डोळे उघडे, आणि पापणीही लवेना. चंपतरावांना एवढा आनंद झाला, की त्यांनी हाक मारून बाकीच्या गड्यांना सांगितलं, "मुरले! एकाच दिवसात मुरले माह्या पोरीचे कान!"

घरी येताना त्यांनी तिच्यासाठी पेढे घेतले. ती पेढ्याकडे पाहीना, त्यांच्याकडेही पाहीना. घरी येताच खाटेखाली गेली आणि दोन दिवस तिथून निघाली नाही. बोलली नाही, जेवली नाही. चंपतरावांनी खाटेजवळ हात नेला, की आणखी भिंतीकडे सरकायची. आजवर ती सगळ्यांना ढकलायची, पण बापाला कधी घाबरली नव्हती. लेक आपल्याला भिते, हे त्यांना एवढं लागलं, की ते घरातून बाहेर आणि बाहेरून घरात नुसते फेऱ्या मारत राहिले.

अशा मनानं माणूस आऱ्यावर उभा राहू नये. तिसऱ्या दिवशी मागून ओंडका घसरला, गडी ओरडले, आणि चंपतरावांना ते ऐकूच आलं नाही. ताराचंदशेठनं स्वतः त्यांना मागं ओढलं म्हणून हात वाचला. "अंधा भी है और बहरा भी," शेठ म्हणाला, "जा, पहिले कान दाखवून ये. तोवर मशीनले हात लावू नको."

कानाच्या डॉक्टरनं बत्ती लावून आत पाहिलं आणि हसायला लागला. मळ आणि भुसा मिळून दोन्ही कानांत बोराच्या आठोळीएवढे गोळे बसले होते. "अर्धा कान मशीननं खाल्ला, तो यायचा नाही," तो म्हणाला. "अर्धा तुम्हीच बुजवून ठेवलाय. धुऊन काढतो. दोन-चार दिवस आवाज टोचतील, मग कान सरावतील." आणि कोमट पाण्याच्या पिचकारीनं त्यानं दोन्ही कान धुतले.

चंपतराव रस्त्यावर आले आणि जागच्या जागी थांबले. कुणीतरी रिक्षाची घंटी वाजवली, ती थेट दातांत गेली. भांड्यांच्या दुकानात कल्हईवाला पातेलं ठोकत होता, तो जणू त्यांच्याच डोक्यावर ठोकत होता. चाकं, चपला, खोकला, दुकानाचं शटर, कुणाचं हसणं, ट्रकचा ब्रेक. सव्वीस वर्षं जे सगळं लांब होतं ते एकाच झटक्यात अंगावर आलं. बाजूला सरावं म्हटलं तर बाजूलाही आवाज होता. ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि त्यांचे हात आपोआप कानांवर गेले. मग त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हे असं बसणं त्यांनी एकोणीस वर्षं रोज पाहिलं होतं.

घरी ते पळतच आले. घर तरी शांत असेल अशी त्यांची समजूत. स्टो फरफरत होता, नळाखाली बादली तडतडत होती, शेजारी रेडिओ, पलीकडे कुणी मिरच्या कुटत होतं, आणि जिजाबाई भांडी घासता घासता बोलत होती. "आला का? काय म्हणे डॉक्टर?"

"बाई, थांब जरा!" असं ते म्हणाले, आणि दचकून त्यांनी मागे पाहिलं. एवढ्या जोरानं कोण ओरडलं ते त्यांना कळेना. मग कळलं, की तो त्यांचाच आवाज होता, रोजचाच. याच आवाजात त्यांनी लेकीला जेवायला हाक मारली होती, याच आवाजात लाड केले होते. मुलानं आईच्या पदराखाली शिरावं तसे चंपतराव खाटेखाली शिरले.

गोपिका भिंतीला चिकटून पडली होती. या वेळी ती सरकली नाही. बापाचे कानांवर दाबलेले हात ती पाहत राहिली.

"बाबा," ती दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली, "तुमच्याबी कानात शिरलं?"

"हाव," चंपतराव म्हणाले, जमेल तितक्या हळू. "तुले रोज असंच होते?"

"सारं एकदमच येते. कोणी रांगेत थांबतच नाही. तुम्ही बोलता, तं मी तुमचा शब्द धरते. तेवढ्यात स्टो येते. मंग भोंगा येते. मंग काय काय धरू? सारंच हातातून पडते."

"अन् मशीनपाशी? गप झाली होती तू."

"तिथं मी नव्हतीच."

चंपतराव रडले. आवाज होईल म्हणून तोंडात पंचा धरून रडले. गड्यांना हाका मारून आपण काय सांगितलं होतं, ते आठवून त्यांना स्वतःची शिसारी आली. "कधी मुरते का गं हे?" त्यांनी विचारलं. गोपिकेनं मान हलवली. तिला नाही मुरत, म्हणाली. डॉक्टरनं त्यांना दोन-चार दिवस सांगितले होते. तिला कुणी दिवस सांगितले नव्हते.

तिथून पुढचे तीन दिवस या माणसानं जो उच्छाद मांडला, त्याची गल्लीत पुष्कळ चर्चा झाली. ताराचंदशेठकडून ते हातगाडीभर भुशाची पोती घेऊन आले. मशीन कितीही बोंबलली तरी भुशाच्या कोठीत ती मऊ ऐकू येते, हे प्रत्येक गड्याला ठाऊक होतं. पण ते घरी न्यावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. रस्त्याकडच्या पत्र्याच्या भिंतीला त्यांनी छातीइतकी पोती रचली. मागच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी पोती लावून एक जागा केली, ती मात्र गोपिका सांगेल तशी. "इथं नाही, तिथं," ती म्हणायची, आणि चंपतराव निमूटपणे पोतं उचलायचे. स्टो मागच्या पडवीत गेला. बादलीत फडकं गेलं. उत्तराबाईंना त्यांनी हात जोडून सांगितलं, की रेडिओ भिंतीपासून जरा लांब ठेवा.

"घराचं गोदाम करून ठेवलं," जिजाबाई म्हणाली. "सण तोंडावर आला अन् हा पोते वाहून राहिला. मारबत काय पोत्यातून दिसन तिले?"

पोळ्याच्या दिवशी दुपारी चंपतराव गल्लीच्या तोंडाशी उभे होते. एक ट्रक अगदी जवळून भोंगा वाजवत गेला. त्यांना काहीच झालं नाही. कान सरावले होते. दुसरा कुणी सुटलो म्हणाला असता, चंपतराव घाबरले. उद्या आपण पुन्हा पूर्वीसारखे ओरडायला लागू, पुन्हा म्हणू की एवढ्याशा आवाजाला काय होतंय. ते धावत घरी गेले, लेकीसमोर बसले आणि हळूच विचारलं, "गोपे, आता काय काय वाजून राहिलं?"

तिनं बोटांवर मोजून दाखवलं. बैलाच्या गळ्यातली घंटा. पत्र्यावरचा कावळा. आत्याचं कुंकवाच्या करंड्याचं झाकण. पाणी. चंपतरावांना यातलं एकही ऐकू येत नव्हतं. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे वाजत नाही असं यापुढे धरायचं नाही, विचारायचं. साधी गोष्ट आहे, पण ती कळायला त्यांना एकोणीस वर्षं आणि एक पिचकारी लागली.

मारबतीच्या सकाळी लांबून ताशे ऐकू यायला लागले, तशी जिजाबाई हिरवं लुगडं नेसून तयार झाली. "चल वं पोरी," ती पोत्यांकडे पाहून म्हणाली.

चंपतराव मधे उभे राहिले. "बाई, ती येणार नाही."

"तू शब्द देल्ला होता."

"देल्ला होता. चुकीचा देल्ला."

जिजाबाईनं भावाकडे पाहिलं. तो ओरडला असता तर तिनंही ओरडून उत्तर दिलं असतं, पण हा हळू बोलला होता आणि त्यावर काय करायचं ते तिला सुचेना. "मंग उद्याच्या ट्रकले ती जाइन," ती म्हणाली. "मी एकटीच जाते हात जोडाले. या घरात कोणाले तरी देव पाहिजे." आणि ती निघून गेली.

ताशे जवळ आले. चंपतरावांनी दार लावलं, फटीत गोधडी कोंबली, लेकीच्या कानांत कापूस दिला. "अजून काय पाहिजे?" त्यांनी विचारलं. तिनं भुशाचं एक लहान पोतं मांडीवर ठेवायला लावलं. "वरून दाबा," म्हणाली. त्यांनी दाबलं. ढोल जमिनीतून यायला लागला, पत्रे थरथरले, बाहेर हजार गळे ओरडत होते. गोपिका डोळे मिटून मागे-पुढे डोलत होती आणि घशातल्या घशात एकच सूर धरून होती. भिंत अगदी जवळ होती. एकदा तिची मान मागे गेली, त्यांनी श्वास रोखला. पण ती पोत्यावर टेकली आणि पुन्हा डोलायला लागली. अर्ध्या तासानं ढोल इतवारीकडे गेले. पोरीच्या कपाळावर घाम होता, खूण नव्हती.

जिजाबाई परत आली ती पदर खोचून, हळद कुठल्या डब्यात आहे याचा विचार करत. दरवर्षी जखमेवर तीच हळद दाबायची. दार उघडलं आणि ती थबकली. घरात आवाज नव्हता. गोपिका पोत्याला टेकून शांत बसली होती.

"नेली," जिजाबाईनं हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "म्या हाक देल्ली अन् मायनं नेली. गेली गा चंपत, पीडा गेली."

आता इथं चंपतराव गप्प बसले असते तर काम झालं होतं. ट्रक टळला असता. मी असतो तर बसलो असतो गप्प, खोटं कशाला बोलू. पण त्यांना पुढचा भोंगा दिसत होता. तो वाजेल, पोर खाली बसेल, आणि बाई म्हणेल की पीडा परत आली. मग पुन्हा कुणीतरी तिला कुठंतरी धरून उभी करील.

"नेली नाही, बाई," ते म्हणाले. "काही गेलं नाही. ती अशीच आहे, अशीच राहीन. म्या फक्त आवाज अडवला."

जिजाबाई उंबऱ्यावर बसली. मग बोलली ते ट्रकचं नव्हतं. "मंग मलेच काहून चावली गा? तुले नाही चावली कधी. पंधरा वर्षं वेणी घातली म्या तिची. मीच नको झाली तिले."

चंपतरावांनी लेकीलाच विचारलं. "गोपे, आत्या वेणी घालते तवा काय होते?"

"बांगड्या," पोत्यांमागून उत्तर आलं. "कानापाशीच वाजते. मी सांगतलं होतं. दोनदा सांगतलं. मंग चावली."

जिजाबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांत डझन डझन काचेच्या बांगड्या होत्या. रायपूरला गेलेला माणूस मेला म्हणून कुणी सांगितलं, त्यानं दुसरं घर केलं म्हणून कुणी सांगितलं, तरी तिनं वीस वर्षं एकही हात रिकामा होऊ दिला नव्हता. त्या बांगड्या उतरवणं म्हणजे काय, ते चंपतरावांना कळत होतं. "राहू दे, बाई," ते घाईनं म्हणाले. "वेणी मी घालीन."

"तुले येते का वेणी?" जिजाबाई म्हणाली. तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला. बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि त्यावर चिंधी घट्ट गुंडाळली, एका हाताला चंपतरावांकडून, दुसऱ्याला दातांनी गाठ मारून. मग दोन्ही हात स्वतःच्या कानाजवळ नेऊन हलवून पाहिले. वाजलं नाही. तरी तिनं आणखी एक वेढा दिला. फणी घेऊन ती पोत्यांपाशी गेली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलं, "घालू का वं वेणी?"

गोपिका वळली आणि आत्याकडे पाठ करून बसली.

वेणी अर्धी झाली तेव्हा जिजाबाई, मागं न पाहता, अगदी हळू आवाजात म्हणाली, "चंपत, वाडीले निरोप धाड. रुपरावले म्हणा, आमच्या इथून कोणी येऊन नाही राहिलं." चंपतरावांना ते ऐकू आलं नाही. गोपिकेनं त्यांना सांगितलं.